दवाखान्यातली "असेंब्लीची मान्यता": कायरोप्रॅक्टर संघटनेला मान्यता म्हणजे नक्की कुणाला, कसली? (व्हर्जिनिया)

मनीषा_ॲशबर्न

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. जरा लांबेल.

मागच्या दिवाळीत बेसमेंटमधून आकाशकंदिलाचे खोके वर आणताना नवऱ्याची कंबर धरली. आधी बाम, मग शेक, मग ऑफिसमधल्या एकाने सांगितलं कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणके बसवून उपचार करणाऱ्याकडे) जा, दोन सिटिंगमध्ये मोकळा होशील. गेलो. रिसेप्शनच्या मागे भिंतीवर छान फ्रेममध्ये एक पाटी होती, अर्थ साधारण असा की आम्ही "राज्याच्या जनरल असेंब्लीने मान्यता दिलेल्या" कायरोप्रॅक्टिक संघटनेचे सदस्य आहोत. (जनरल असेंब्ली म्हणजे इथलं विधिमंडळ.) ते वाचून मला खरंच हायसं वाटलं. आपल्या डोक्यात कसं बसलेलं असतं बघा, "शासनमान्य" टायपिंग क्लास, "शासनमान्य" शाळा, म्हणजे कुणीतरी साहेब येऊन तपासून गेलाय, शिक्का मारलाय. मी तसंच धरलं, आणि त्याच भरवशावर 36 सिटिंगचं पॅकेज घेतलं, पैसे आधीच भरले.

सुरुवातीला आराम पडला, ते खोटं नाही सांगणार. पण बाराव्या की तेराव्या सिटिंगनंतर डाव्या पायाचा अंगठा वर उचलेना, चप्पल पायातून निसटायला लागली. तिथे सांगितलं तर म्हणाले शरीर ॲडजस्ट होतंय, आधी वाढतं मग कमी होतं. असे तीन आठवडे गेले!! शेवटी मी हट्टाने फॅमिली डॉक्टरकडे नेलं, तिने नुसता पाय दाबून बघितला आणि लगेच एमआरआय लिहून दिला. डिस्क नसेवर दाबत होती. ऑपरेशन झालं, आता बराच बरा आहे पण अंगठ्यात पूर्वीची ताकद अजून नाही.

मला दवाखान्याचं नाव घ्यायचं नाही, कृपया कुणी विचारू नका. त्या विद्येशी पण माझं भांडण नाही. मला फक्त ती पाटी समजून घ्यायचीय. असेंब्लीने मान्यता दिली म्हणजे कुणाला दिली? त्या माणसाला, त्या उपचाराला, की संघटनेला? इथे कुणाला माहिती असेल तर सांगा.

नितळ

बापरे मनीषाताई, वाचून पोटात गोळा आला. दादांना लवकर पूर्ण बरं वाटो. मीपण अशा पाट्या बघितल्यात आणि कधी विचारच केला नाही. वाचतेय.

रिचमंड_राव

मनीषाताई, मी रिचमंडला राहतो, दर जानेवारीत असेंब्लीचं सेशन सुरू झालं की कामातून वेळ काढून गॅलरीत जाऊन बसतो, इतक्या वर्षांत थोडंफार कळायला लागलंय. तुम्ही विचारलेला प्रश्न फार बरोबर आहे कारण "असेंब्लीची मान्यता" हे एकच शब्द तीन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरले जातात आणि पाटीवर कुठली ते कुणीच लिहीत नाही.

एक म्हणजे अभिनंदनाचा ठराव. कुठल्याही संघटनेला पन्नास-शंभर वर्षं झाली, हायस्कूलची टीम जिंकली, एखादे शिक्षक रिटायर झाले, की असेंब्लीतला आपला प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट किंवा सिनेटर, ठराव मांडतो. मजकुराची माहिती बहुतेक वेळा ज्यांचं कौतुक करायचंय त्यांच्याकडूनच येते, असेंब्लीचा ड्राफ्टिंग विभाग ती "ज्याअर्थी... ज्याअर्थी..." च्या साच्यात बसवतो, आणि शेवटी असतं की क्लार्कने याची प्रत तयार करून अमुक यांना आदर म्हणून द्यावी. हे ठराव गठ्ठ्याने येतात आणि आवाजी मताने एकत्रच मंजूर होतात. गव्हर्नरच्या सहीला जात नाहीत, कारण तो कायदा नसतोच. कोणी काही तपासलेलं नसतं, कोणावर काही बंधन येत नाही. कौतुक खरं असतं, मनापासून असतं, पण कौतुकच.

दुसरी, कायद्यातच संघटनेला दिलेली जागा. आणि तिसरी, जी पेशंटसाठी सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे लायसन्सचा कायदा. ती संघटनेला नसतेच, ती प्रत्येक माणसाला वेगळी मिळते, रद्द होऊ शकते, रिन्यू करावी लागते.

इथलं अधिवेशन पण छोटं असतं हे लक्षात घ्या, सम वर्षी 60 दिवस, विषम वर्षी 30 आणि मग वाढवून साधारण 46. तेवढ्यात हजारांनी बिलं. एवढ्या घाईत कुठल्या संघटनेचे सदस्य कसे काम करतात हे कोण तपासणार?

मनीषा_ॲशबर्न

राव काका खूप खूप धन्यवाद. म्हणजे ती पाटी कौतुकाच्या ठरावाबद्दल असेल का? आणि दुसरी जागा म्हणजे काय नक्की?

रिचमंड_राव

कौतुकाचा ठराव असेल की नाही ते मी छातीठोक सांगणार नाही, असे ठराव असेंब्लीच्या साइटवर शोधता येतात, तुम्हीच संघटनेचं नाव टाकून बघा. पण दुसऱ्या जागेचं सांगतो, कारण तिथे ती पाटी एका अर्थी खरीपण ठरते.

आपल्या व्हर्जिनियात कायरोप्रॅक्टरांचं स्वतंत्र बोर्ड नाही. बऱ्याच राज्यांत असतं, इथे ते बोर्ड ऑफ मेडिसिनच्या खाली येतात. त्या बोर्डावर राज्याच्या 11 काँग्रेस मतदारसंघांतून प्रत्येकी एक एमडी डॉक्टर, शिवाय एक ऑस्टिओपॅथ (हाडं-सांधे हाताळण्यावर भर देणाऱ्या वेगळ्या शाखेचा डॉक्टर), एक पायांचा डॉक्टर म्हणजे पोडायट्रिस्ट, एक कायरोप्रॅक्टर आणि काही सामान्य नागरिक असतात. नेमणूक गव्हर्नर करतात. आणि कोडमध्ये, म्हणजे राज्याच्या कायद्यात, सोय आहे की त्या त्या धंद्याच्या राज्य संघटनेने गव्हर्नरकडे नावांची यादी पाठवावी. लगेच पुढे असंही लिहिलंय की गव्हर्नर त्या यादीतूनच नेमायला बांधील नाहीत.

म्हणजे राज्याने संघटनेला काय दिलंय, तर नावं सुचवायचा हक्क. एवढंच. छोटी गोष्ट नाही ती, तक्रारी ज्या बोर्डापुढे जातात तिथे एका खुर्चीवर कोण बसावं हे सुचवायची संधी आहे. पण तिच्या सदस्याने तुमच्या नवऱ्याचा पाय नीट तपासला की नाही याच्याशी त्याचा काहीएक संबंध नाही. शिवाय संघटनेचं सदस्य होणं ऐच्छिक असतं, फी भरली की झालं. लायसन्स असलेला पण सदस्य नसलेला कायरोप्रॅक्टर असतोच की.

डेव्हनपोर्टची_आई

मी इथे क्वचित लिहिते पण हा धागा माझ्या फार जवळचा आहे म्हणून लिहितेय. मनीषाताई, तुमच्या मिस्टरांबाबत जे झालं ते चुकलंच, पायाची ताकद जातेय हे ऐकल्यावर हात लावायचा थांबवून पुढे पाठवायला हवं होतं, माझा मुलगा हे वाचून म्हणाला पहिल्या वर्षी शिकवतात हे. तो आयोवात डेव्हनपोर्टला कायरोप्रॅक्टिक शिकतोय, तिसरं वर्ष. आमच्या नातेवाइकांत अजून विचारतात, "म्हणजे डॉक्टर की मालिश?" लग्नाकार्यात असं विचारलं की तो हसून सोडून देतो, मला मात्र लागतं.

पण तुम्ही म्हणता ना की मान्यता म्हणजे काय, तर या लोकांना ती एवढी जिवाची का वाटते ते मला त्याच्याकडून कळलं. 18 सप्टेंबर 1895 ला डेव्हनपोर्टमध्येच डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका बसवला, त्याला ऐकू कमी यायचं ते सुधारलं अशी गोष्ट आहे. (ती गोष्ट जशीच्या तशी खरी का यावर खुद्द त्यांच्यातच वाद आहेत, मी सांगोवांगीच सांगतेय.) पण पुढचं कोर्टाच्या कागदावर आहे. 1906 ला पामर यांनाच बिनालायसन्स डॉक्टरकी केली म्हणून तुरुंगात टाकलं. त्याच वर्षी डेव्हनपोर्टमध्ये संघटना निघाली, युनिव्हर्सल कायरोप्रॅक्टर्स असोसिएशन, आणि तिचं पहिलं काम काय, तर पकडलेल्या सभासदांना वकील देणं!! आपण संघटना म्हटलं की अधिवेशन आणि जेवणावळी डोळ्यापुढे आणतो, यांची संघटना जामिनासाठी निघाली.

आणि 1907 ची विस्कॉन्सिनची केस ऐका. ला क्रॉस गावात शेगेतारो मोरिकुबो नावाचा जपानी कायरोप्रॅक्टर होता, त्याच्यावर बिनालायसन्स ऑस्टिओपॅथी केल्याचा खटला. टॉम मॉरिस वकील. त्यांनी मांडलं की ही ऑस्टिओपॅथी नाहीच, वेगळी विद्या आहे, आणि तो सुटला. त्या काळातला एक परदेशातून आलेला आशियाई माणूस, परक्या गावात, परक्या भाषेत, मला तर नेहमी वाटतं आपल्यातलाच कुणी उभा आहे तिथे.

मग 1913 ला कॅन्ससने पहिला लायसन्सचा कायदा केला, पहिलं लायसन्स मात्र 1915 ला आर्कान्सासने दिलं. आणि शेवटचं राज्य लुइझियाना, 1974! एकसष्ट वर्षं लागली पन्नास राज्यांना. तोपर्यंत एका राज्यात डॉक्टर आणि हद्द ओलांडली की गुन्हेगार. म्हणून एखाद्या असेंब्लीने दोन ओळी कौतुकाच्या लिहिल्या की म्हातारे कायरोप्रॅक्टर ती फ्रेम करून लावतात, तिच्यामागे फसवायचा हेतू दरवेळी नसतो.

बे_एरिया_काका

आई, सुंदर लिहिलंत. कॅलिफोर्नियाचं मी भर घालतो. इथे विधिमंडळ कायदा करेना म्हणून यांनी सह्या गोळा करून प्रश्न थेट मतपत्रिकेवर नेला आणि नोव्हेंबर 1922 ला लोकांनी मत देऊन कायरोप्रॅक्टिकचा कायदा केला. त्याआधी इथे शेकड्यांनी लोक दंड भरायला नकार देऊन जेलमध्ये जायचे, दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होतं म्हणून. आजही तोच कायदा लागू आहे आणि जनतेने केलेला असल्यामुळे विधिमंडळाला त्यात मूळ बदल करायचा तर परत मतदारांकडे जावं लागतं. म्हणजे आमच्याकडे मान्यता विधिमंडळाची नाहीच, सरळ लोकांची.

माझा स्वतःचा अनुभव चांगला आहे, मान आखडली होती, चार वेळा गेलो, त्याने स्वतःहून सांगितलं आता यायची गरज नाही, हे व्यायाम करा. पॅकेज-बिकेज काही नाही. आणि मेडिकेअरवाल्यांसाठी (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) एक, कारण माझ्या वयाचे इथे बरेच आहेत: 1972 च्या कायद्याने मेडिकेअरमध्ये कायरोप्रॅक्टिक आलं पण फक्त हाताने कणा बसवणं तेवढंच, तेही सुधारणा होत असेल तोवर. कायरोप्रॅक्टरने काढायला लावलेला एक्सरे, मसाज, महिन्यातून एकदा "मेंटेनन्स" याचे पैसे मेडिकेअर देत नाही. काउंटरवर कोणी काही म्हणो.

फिजिओ_पल्लवी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात शिकले, आता न्यू जर्सीत प्रॅक्टिस करते. आईंच्या पोस्टने डोळ्यात पाणी आलं खरं, पण मला काही गोष्टी स्पष्ट बोलायच्यात, राग मानू नका.

तुरुंगात जाऊन आलेली विद्या म्हणून ती बरोबर ठरत नाही. इतिहास अन्यायाचा असेल, होताच, पण पेशंट टेबलावर झोपतो तेव्हा त्याला आजचं काय ते पाहिजे. ताई, मिस्टरांना जे झालं त्याला आम्ही रेड फ्लॅग, म्हणजे धोक्याची खूण, म्हणतो. पायातली ताकद कमी होत जाणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, ताप आणि पाठदुखी एकत्र, कॅन्सरची हिस्टरी. यातलं काहीही दिसलं की फिजिओ असो, कायरो असो, की कोपऱ्यावरचा मसाजवाला, हात लावायचा नाही, पुढे पाठवायचं. पहिले तीन तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचे प्रकार आहेत. हे सगळ्यांनी लिहून ठेवा प्लीज.

उपचाराबद्दल म्हणाल तर साध्या कंबरदुखीवर मॅनिप्युलेशनने, म्हणजे हाताने मणके-सांधे बसवण्याने, थोडा फायदा होतो, 2017 च्या अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या गाइडलाइनमध्ये शेक, मसाज, ॲक्युपंक्चर याच्याबरोबर तेही आहे, पुरावा मात्र कमी दर्जाचा असं तिथेच नमूद आहे. मानेच्या झटक्यांबाबत मी जास्त जपून असते, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटण्याशी संबंध दिसलाय आणि 2014 ला अमेरिकन हार्ट असोसिएशनने पेशंटला आधी कल्पना द्या असं म्हटलंय. दमा, कानाचं इन्फेक्शन, लहान बाळांचं रडणं यासाठी कोणी मणके बसवत असेल तर तिथून उठून या.

आणि मान्यतेचं म्हणाल तर मला ते चांगलंच कळतं. आपल्या महाराष्ट्रात फिजिओंची कौन्सिल 2002 च्या कायद्याने झाली, माझ्या मॅडम लोकांची किती वर्षं त्यात गेली! त्याआधी कुणीही "फिजिओ" म्हणून बोर्ड लावू शकायचं. इथे आल्यावर परत शून्यापासून, डिग्रीचं मूल्यमापन, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. त्यामुळे मला संघटनेच्या फ्रेमचं काही वाटत नाही, मी आधी लायसन्स नंबर बघते.

डेव्हनपोर्टची_आई

पल्लवी, राग अजिबात नाही, बाळांच्या बाबतीत माझा मुलगाही हेच म्हणतो, त्यांच्या वर्गातच दोन तट आहेत. एक "सबलक्सेशन" म्हणजे मणका सरकल्यामुळेच सगळे आजार होतात असं मानणारे आणि दुसरे फक्त पाठ-मान-सांधे यापुरतं काम करणारे. राष्ट्रीय पातळीवर संघटनासुद्धा वेगळ्या आहेत. मग मला विचारायचंय, असेंब्ली जेव्हा "कायरोप्रॅक्टिक" ला मान्यता देते तेव्हा ती या दोघांपैकी कुणाला देते?

रिचमंड_राव

आईंनी फार नेमका प्रश्न विचारला. उत्तरासाठी व्हर्जिनिया कोडमधली व्याख्या वाचा, मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. आपल्या कायद्यात कायरोप्रॅक्टिक म्हणजे कण्यातले 24 हलते मणके ॲडजस्ट करणं आणि "नर्व्ह एनर्जी" चं वहन सुरळीत व्हायला निसर्गाला मदत करणं. अगदी चोवीस आकड्यासकट! शस्त्रक्रिया नाही, बाळंतपण नाही, औषध-इंजेक्शन-लस काही देता येत नाही. नंतर त्यात भर घालत गेले, पेशंटची मेडिकल हिस्टरी, आधीची ऑपरेशनं, चालू असलेली कंट्रोल्ड औषधं याची माहिती मागून घेता येते, नोंदवता येते, आणि ट्रक-बसच्या कमर्शियल लायसन्ससाठी लागणारी शारीरिक तपासणी करता येते.

म्हणजे जुन्या पिढीची भाषा आणि नव्या पिढीचं काम एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसलंय. असेंब्लीने विज्ञानाचा निकाल दिलेला नाही. त्या त्या वेळी कोण रिचमंडला येऊन बसलं, कुणी विरोध केला, कुठे तडजोड झाली, त्याचे थर आहेत ते. आणि ही भर घालून घेण्याचं काम दरवर्षी कोण करतं? हीच राज्य संघटना. समोर डॉक्टरांची संघटना असते. जानेवारीत कमिटीच्या खोलीबाहेर दोन्ही बाजूंचे लोक बिल्ले लावून उभे असतात.

टेक्सासमध्ये हेच कोर्टात गेलं होतं. तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाने नियमात नसांचा उल्लेख केला आणि चक्कर येण्यासाठीची एक डोळ्यांची चाचणी करायला परवानगी दिली, टेक्सास मेडिकल असोसिएशनने दावा लावला, कित्येक वर्षं चालला, शेवटी जानेवारी 2021 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला. एका शब्दासाठी एवढं!

बे_एरिया_काका

विल्क केस पण सांगायला हवी मग. शिकागोचे चेस्टर विल्क आणि त्यांच्या सोबत्यांनी 1976 ला अमेरिकन मेडिकल असोसिएशनवर केस टाकली. कारण या असोसिएशनने 1963 पासून खास कमिटीच केली होती, भोंदूगिरीविरोधी म्हणून, आणि डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणं अनैतिक ठरवलं होतं. रेफर करायचं नाही, एकत्र काम करायचं नाही. 1987 ला न्यायाधीश सुझन गेटझेनडॅनर यांनी निकाल दिला की हा बेकायदेशीर बहिष्कार आहे, 1990 ला अपिलातही तो टिकला.

फिजिओ_पल्लवी

काका बरोबर, पण तो निकाल पूर्ण सांगा ना. ती मक्तेदारीविरोधी कायद्याची केस होती. तुम्ही मिळून यांचा धंदा बंद पाडायचा प्रयत्न केला, एवढा निकाल. उपचार शास्त्रीय आहे की नाही यावर कोर्टाने शिक्कामोर्तब केलेलं नाही. मी कितीतरी वेबसाइटवर बघितलंय, "कोर्टाने मान्य केलं" म्हणून लिहितात, ताईंच्या पाटीसारखंच आहे हे, खरा कागद आणि त्यावर न लिहिलेला अर्थ.

बे_एरिया_काका

मान्य. हे तुम्ही नीट मांडलंत. पण त्या बहिष्काराचं नुकसान पेशंटचंही झालं एवढं म्हणू द्या. कायरोप्रॅक्टरला डॉक्टरकडे पेशंट पाठवायची वाटच बंद असेल तर ताईंच्या मिस्टरांसारख्या केसमध्ये तो कुठे पाठवणार होता त्या काळी?

फिजिओ_पल्लवी

हो. हे खरंय. याचा मी असा विचार केला नव्हता.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहितोय. तुमच्याकडं निदान लायसन्स कुठं बघायचं ते तरी माहितीय. आमच्याकडं गावात हाडवैद्य होते, अजून आहेत, पिढ्यान्‌पिढ्या हात बसवतात, त्यांचं नाव लोकांच्या तोंडी असतं आणि चुकलं तर गावभर होतं. आता मात्र रील बघून लोक पुण्या-मुंबईला "कायरोप्रॅक्टर" कडं जाऊन मान कडाकडा मोडून घेतात, व्हिडिओ टाकतात. माझ्या मेव्हण्यानं एकाला विचारलं कुठं शिकलात, तर म्हणाला वीकेंड कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे, आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. कुणाची मान्यता? तर ज्यानं कोर्स घेतला त्याच्याच संस्थेची. अमेरिकेत शिकून आलेले खरे पदवीवालेपण असतील, नाही असं नाही, पण बोर्ड बघून फरक कसा कळणार?

फिजिओ_पल्लवी

दादा, अगदी बरोबर दुखणं सांगितलंत. भारतात कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी कायदेशीर कौन्सिलच नाही. 2021 ला संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग नेमायचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपी आहे. त्यामुळे तिकडे एवढंच सांगू शकते की समोरच्याला विचारा मूळ शिक्षण काय, एमबीबीएस, फिजिओ, की अमेरिका-युरोपातली कायरोप्रॅक्टिकची पूर्ण पदवी. अमेरिकेत ती पदवी म्हणजे कॉलेजनंतर साधारण चार वर्षं, 4200 तासांच्या आसपास, वर राष्ट्रीय परीक्षेचे चार भाग. वीकेंडमध्ये ते होत नाही. आणि फिजिओ म्हणत असेल तर कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, आम्हाला दाखवावाच लागतो.

नितळ

राव काका एक शंका, ज्या संघटनेने नाव सुचवलं तोच माणूस बोर्डावर बसून त्याच संघटनेच्या सदस्याची तक्रार बघणार, हे कसं काय चालतं?

रिचमंड_राव

योग्य शंका. हा सगळ्याच लायसन्स बोर्डांचा जुना रोग आहे, फक्त कायरोचा नाही, दंतवैद्य, वकील, न्हावी सगळे. 2015 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डेंटल बोर्डाच्या केसमध्ये सांगितलं की बोर्डावर धंद्यातलेच लोक बहुमताने असतील आणि राज्याची त्यांच्यावर खरी देखरेख नसेल तर मक्तेदारीविरोधी कायद्यातून त्यांना सूट नाही. त्यानंतर बऱ्याच राज्यांनी बोर्डांकडे नव्याने बघितलं.

व्हर्जिनियात उलटी गंमत आहे, इथे एकच कायरोप्रॅक्टर आणि बाकी बहुतेक एमडी, म्हणून कायरो लोकांची तक्रार असते की आमच्यावर दुसऱ्या धंद्याचे लोक बसलेत. पेशंट म्हणून मला ही रचना बरी वाटते, कारण पायाची ताकद गेलेली केस समोर आली तर टेबलाभोवती ते ओळखणारे दहा जण असतील. माझं मत आहे, आईंना पटणार नाही कदाचित.

डेव्हनपोर्टची_आई

राव, मला पटतं. मुलाला विचारलं, तो म्हणतो त्याला स्वतंत्र बोर्ड हवं. घरात चर्चा चालू आहे :)

मनीषा_ॲशबर्न

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवसांत एवढं शिकले. शनिवारी आम्ही दोघं बसलो आणि राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ हेल्थ प्रोफेशन्सच्या साइटवर लायसन्स लुकअप असतं ते उघडलं, नाव टाकलं. लायसन्स चालू आहे, मुदत पुढच्या वर्षापर्यंत. खाली "ॲडिशनल पब्लिक इन्फॉर्मेशन" असा एक रकाना असतो, बोर्डाने आधी काही कारवाई केली असेल तर तिथे "हो" येतं. त्यांच्या नावापुढे "नाही" होतं. खरं सांगू तर तो "नाही" बघून मला बरंही वाटलं आणि वाईटही. दोन मिनिटांचं काम होतं, ते मी पाटी वाचल्या दिवशी करायला हवं होतं, तरी तेव्हाही "नाही" च दिसलं असतं.

मग नवरा म्हणाला तो रकाना आपोआप भरत नाही, कुणीतरी लिहिल्याशिवाय. आतापर्यंत तो तक्रार करायला तयार नव्हता, माणूस बोलायला चांगला होता म्हणायचा, माझा कंबरदुखीचा त्रास कमी केला म्हणायचा. काल रात्री त्यानेच फॉर्म काढला. तारखा मी लिहून ठेवल्या होत्या, कुठल्या सिटिंगला अंगठ्याचं सांगितलं, काय उत्तर मिळालं, तीन आठवडे, एमआरआयचा रिपोर्ट, सगळं जोडलं. पाटीचा फोटोपण जोडलाय, पॅकेजच्या पावतीसकट. दवाखान्याकडे उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मागणारं पत्र वेगळं पाठवलंय.

राव काका, आमच्या डेलिगेटच्या ऑफिसला पण एक ईमेल करावी म्हणतेय, की राज्याचं किंवा असेंब्लीचं नाव असलेली पाटी दवाखान्यात लावायची तर शेजारी लायसन्स नंबर आणि लुकअपचा पत्ता लावणं सक्तीचं करता येईल का. याला बिल लागेल की बोर्डाच्या नियमात बसेल?

रिचमंड_राव

दोन्ही वाटा आहेत. बोर्डाकडे नियम बदलण्यासाठी कोणीही नागरिक अर्ज करू शकतो, त्याला डेलिगेट लागत नाही, अर्ज प्रसिद्ध होतो आणि लोकांना त्यावर मत देता येतं. बिल हवं असेल तर जानेवारीच्या खूप आधी ऑफिसला गाठा, सेशन सुरू झाल्यावर कुणाला वेळ नसतो. आधी मसुदा इथे टाका, मी इंग्रजी बघून देतो. आई, तुमच्या मुलालाही वाचायला द्या, त्याच्या बाजूने काय खटकतं ते आधीच कळलेलं बरं.

डेव्हनपोर्टची_आई

देते. तो म्हणतोय लायसन्स नंबर भिंतीवर लावायला त्याची काहीच हरकत नाही, आधी मिळू दे फक्त. परीक्षेचा चौथा भाग पुढच्या वर्षी आहे.